इंटरफेस कुणाच्या घरात?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं बिलिंग आम्ही पायथॉनमध्ये केलंय. त्यांचं गिऱ्हाईक निम्मं इकडचं, कर्नाटकातलं, निम्मं कोल्हापूरचं. तोच माल हुबळीला गेला तर सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९. निपाणी ओलांडून, म्हणजे राज्याबाहेर, कोल्हापूरला गेला की सरळ आयजीएसटी १८.

हा हिशोब ज्या फंक्शनमध्ये होता, तेच मायएसक्यूएल या डेटाबेसमधून ग्राहकाची माहिती आणायचं आणि तेच पीडीएफही छापायचं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जायचं ठरलं, तेव्हा डेटाबेससाठी कराच्या कोडात हात घालावा लागला. पोटात गोळाच आला.

डिपेंडन्सी, म्हणजे कुठला कोड कुणावर अवलंबून ते, बाहेरून आत जावी, आतल्या थराला (कराचे नियम) बाहेरच्याचं (डेटाबेस, पीडीएफ) नावही ठाऊक नसावं, हे रॉबर्ट मार्टिन यांनी २०१२ मध्ये मांडलेलं सूत्र मला तोंडपाठ होतं. म्हणून ‘ग्राहकसाठा’ नावाचा इंटरफेस, म्हणजे काय हवं त्याची नुसती मागणी, केला आणि ठेवला कुठे, तर डेटाबेसच्या फोल्डरमध्ये! कराच्या फाइलीत पहिली ओळ पुन्हा डेटाबेसच्या इम्पोर्टचीच, म्हणजे तिकडचा कोड आत ओढणारी. आमच्या सीनियर अण्णांनी स्क्रीनकडे बघितलं.

“काय करूलास रे हे? ग्राहक कुणाला पायजे?”

“कर मोजणाऱ्याला.”

“मग मागणी त्यानं लिहायची की. पुरवणारा कशाला लिहितोय?”

इंटरफेस डोमेनमध्ये, म्हणजे कराच्या नियमांच्या फोल्डरमध्ये, हलवला, पोस्टग्रेसचा क्लास तो इम्पोर्ट करू लागला, आणि डिपेंडन्सीचा बाण उलटा फिरला. काम चालताना हाक अजून आतून बाहेरच जाते; उलटतो तो इम्पोर्ट. हे दोन वेगळे आहेत, हे उमजायला मला तीन दिवस लागले.

तरी एक चोरवाट राहिलीच. ओआरएमचं, म्हणजे टेबलातल्या ओळींची ऑब्जेक्टं करून देणाऱ्या लायब्ररीचं, ऑब्जेक्ट जसंच्या तसं आत येत होतं, आणि पत्त्याला हात लावला की मागच्या दारानं डेटाबेसवर क्वेरी पळायची. मग नुसती माहिती धरणारा साधा डेटाक्लास केला: नाव, राज्याचा कोड, बस्स. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. सगळ्यांची जोडणी फक्त मेनमध्ये, जिथून प्रोग्राम सुरू होतो. चुकून कुणी उलटा इम्पोर्ट केला तर इम्पोर्ट लिंटर हा तपासणारा प्रोग्राम बिल्ड पाडतो, कोड पुढे जातच नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा पाडला, दोन्ही वेळा माझाच.

आता कराच्या टेस्टला डेटाबेस लागत नाही, पायथॉनची एक डिक्शनरी, म्हणजे की-व्हॅल्यूच्या जोड्या, पुरते. महिन्याचा रिपोर्ट मात्र अजून थेट एसक्यूएलवर आहे. त्यात नियम काही नाही, नुसती बेरीज. तिला थर चढवत बसलो नाही.