आमची वाटचाल: एकही हलता भाग नसलेला पंप

आम्ही इलेक्ट्रोऑस्मोटिक पंप बनवतो, म्हणजे विजेच्या जोरावर बारीक भोकांतून द्रव ढकलणारे पंप. मोटर नाही, व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही. सच्छिद्र काचेची चकती, दोन प्लॅटिनम जाळ्या आणि डीसी सप्लाय, एवढाच संसार. तत्त्व जुनंच, रॉयस या शास्त्रज्ञाने 1809 मध्ये मॉस्कोत ओल्या मातीत दाखवलेलं. आमचं काम ते रोज, न कुरकुरता चालवून दाखवण्याचं, आणि ते आम्ही करतो.

चकती 10 मिमी व्यासाची, 2 मिमी जाडीची, भोकं साधारण एक मायक्रॉनची. 20 व्होल्टला मिनिटाला 300 मायक्रोलिटरच्या आसपास प्रवाह मिळतो. बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारं द्रावण, बोरेटचं: लिटरभर डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात 0.95 ग्रॅम बोरॅक्स, पीएच आपोआप 9.2च्या जवळ बसतो. इथे काचेच्या पृष्ठभागावर पुरता ऋण विद्युतभार असतो, म्हणून लगतच्या द्रवात धन आयन जमतात आणि ते द्रवाला कॅथोडकडे, म्हणजे ऋण जाळीकडे, ओढतात.

मधली सुरळीत वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सांगायचं आहे ते त्या लॉटबद्दल, ज्याने फर्म बंद पडायची वेळ आणली.

पंप परत येऊ लागले. तक्रार एकच, प्रवाह निम्म्यावर. काही पंपांत तर द्रव उलटा, अॅनोडकडे, म्हणजे धन जाळीकडे चाललेला. सिरिंज पंप विकणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याने लगेच गावभर सांगितलं की यांच्या पंपात गॅस होतो, दिशाही भरवशाची नाही. परचेसवाल्यांनी तेच उचललं. ते शब्द आजही टोचतात, कारण दोष तत्त्वाचा नव्हताच.

आम्हाला तारलं ते एका फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेने. तिथल्या मॅडम पहिल्या पंपापासून करंट आणि प्रवाह रोज वहीत लिहीत आल्या आहेत. त्या वहीत उत्तर होतं: प्रवाह घसरला, पण करंट तसाच. करंटही पडला असता तर भोकात बुडबुडा किंवा गाळ आहे असं म्हणता आलं असतं. करंट कायम आणि प्रवाह कमी, म्हणजे वाट मोकळी आहे, पृष्ठभागाचा विद्युतभार बिघडलाय. आणि उलटी दिशा म्हणजे काचेवर धन भाराचं काहीतरी चिकटलंय.

चिकटलेलं होतं कटिंग कूलंट, काच कापताना वापरायचा थंडावा देणारा द्रव. चकत्या कापून देणाऱ्याने न कळवता कूलंट बदललं होतं, आणि नव्यात कॅटआयनिक सर्फॅक्टंट, म्हणजे धन भाराचं साबणासारखं रसायन, होतं. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ते निघत नाही. चकती भट्टीत 450 अंश सेल्सियसपर्यंत सावकाश चढवायची, तासभर ठेवायची, सावकाशच उतरवायची. घाईने काच तडकते. मग 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आतून ओढून घ्यायचं, मग पीएच उतरेपर्यंत पाणी, शेवटी बफर. पुरवठादाराने आजतागायत चूक कबूल केलेली नाही. परतलेले सगळे पंप आम्ही स्वखर्चाने बदलून दिले.

आता लॉट उघडताना प्रत्येक चकतीवर करंट आणि प्रवाह दोन्ही मोजतो. प्रवाहासाठी महागडा फ्लो सेन्सर लागत नाही. 1 मिमी बोअरची (आतल्या व्यासाची) काचनळी आडवी लावा: मेनिस्कस, म्हणजे द्रवाची कड, 1 मिमी सरकला की 0.785 मायक्रोलिटर द्रव गेला. पट्टी आणि स्टॉपवॉच पुरतं.

गॅसचं बोलणारे हिशेब करत नाहीत. 1 मिलिअँपिअर करंट मिनिटभर गेला की कॅथोडवर साडेसात मायक्रोलिटर हायड्रोजन येतो, अॅनोडवर त्याच्या निम्मा ऑक्सिजन. म्हणून जाळी चकतीला कधीच चिकटवू नका, आणि गॅसला वर निघायला तोंड ठेवा. खरा शत्रू पीएच आहे: अॅनोडवर गॅससोबत आम्लही बनतं. 1 मिली बफर असलेल्या अॅनोडकडच्या कुपीत 1 मिलिअँपिअरला सुमारे आठ मिनिटांत बोरेटची ताकद संपते, मग आम्ल चकतीत शिरतं आणि प्रवाह बसतो. आम्ही इलेक्ट्रोड (त्या जाळ्या) नॅफिऑन या आयन जाऊ देणाऱ्या पडद्यामागे, 100 मिलिमोलर बोरेटच्या वेगळ्या कुपीत ठेवतो. ते बफर वेळेवर बदला. पैसे वाचवायला नळाचं पाणी वापरू नका. त्यातलं कॅल्शियम काचेचा भार खातं.

आणि काम संपलं की बफर भोकांत वाळू देऊ नका. बोरॅक्सचे खडे बसतात. पाण्याने धुवा, 20 टक्के इथेनॉलमध्ये बुडवून ठेवा, आणि परत लावताना आधी पाणी, मग बफर.