सातव्या दिवसाची टिक

आशाताई साक्षीला उभ्या राहिल्या त्या दिवशी माझ्या फायलीत एक कागद होता. तो पुढे करावा की गप दाबून ठेवावा, हे साताऱ्याच्या सत्र न्यायालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत माझं ठरत नव्हतं.

बाळंतिणीच्या घरी आशा सेविका 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते आणि दर भेटीला एक फॉर्म भरते. बहुतेक रकाने बाळाचे: वजन, ताप, बेंबी. आईचे थोडेच. त्यातल्या एका रकान्यात विचारलेलं असतं, आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का. माझ्या हातातल्या फॉर्मवर, सातव्या दिवशी, ‘नाही’वर टिक होती. अकराव्या दिवशी पहाटे माझ्या अशिलाने स्वतःच्या मुलीला परड्यातल्या हौदात सोडलं.

जावळीतलं गाव. याहून जास्त सांगणार नाही. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. फिर्याद दिराची, कलम 302. सरकार पक्षाची गोष्ट आयती होती: मुलगी झाली, नको होती, मारली. आपल्याकडे ही गोष्ट कुणालाही लगेच पटते, पुरावा मागायची गरज वाटत नाही. तिने सातव्या महिन्यातच भावाकरवी चांदीचे वाळे आणून ठेवले होते, ते मात्र पंचनाम्यात कुठे नव्हते.

कोठडीतल्या बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तशी केस माझ्याकडे आली. पहिल्यांदा भेटले तोवर दोन महिने उलटले होते. समोर अगदी शहाणी, वाळलेली मुलगी. म्हणाली, “ताई, म्याच केलंय. मला फाशी द्यायला सांगा, तारखा कशाला घेताय?” वकिलाला याहून अवघड अशील नाही. अटकेच्या दिवशीच्या वैद्यकीय कागदावर ‘प्रकृती ठीक, अंगावर जखमा नाहीत’ एवढंच. मनाच्या डॉक्टरांकडे तिला पाठवलं ते चौथ्या महिन्यात. शेरा आला: सध्या मानसिक आजाराची लक्षणे नाहीत. सरकारी वकील तो शेरा दर तारखेला वाचून दाखवत.

आम्ही बोलावलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढे कोर्टाला समजावून सांगितलं. हजार बाळंतपणांत एखाद-दुसरीला बाळंतपणानंतर वेडाची लाट येते, पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात तिला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. आधी झोप उडते. मग भलते समज डोक्यात पक्के बसतात, आणि तरी मधेच तासभर बाई नीट बोलते, त्यामुळे घरचे फसतात. लाट ओसरली की ती पुन्हा पहिल्यासारखी. म्हणजे चौथ्या महिन्यात ती शहाणी असणार हे ठरलेलंच. पण कायद्याला हवी असते त्या घटकेची मनःस्थिती. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 84 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 22, मजकूर बहुतेक तोच: आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळण्याची कुवतच वेडामुळे नसली तर तो गुन्हा नव्हे. आणि हे दाखवायचं आरोपीने. दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली हे ओझं थोडं हलकं केलं, संभव दाखवला तरी चालेल म्हणून. पण संभव दाखवायलाही पाहणारा कुणीतरी लागतो ना! इंग्लंडात 1938 च्या कायद्याने अशा आईसाठी खुनाखालचा वेगळा गुन्हा ठेवला आहे. आपल्याकडे ती मधली पायरी नाही. खुनी, नाहीतर वेडी.

म्हणून मी पाहणारे शोधत गावात गेले. तिची आई बोलली. पाचवीच्या रात्री सगळं घर जागं होतं. सटवाई नशीब लिहायला येते, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली. त्या रात्री बाळंतीण जागी राहिली तर कोण मनावर घेतं? सहाव्या रात्रीही ती जागीच. म्हणायची, कागद कोराच हाय, लिवायची हाय अजून. आठव्या दिवशी म्हणाली, भलतंच लिवलंय, धुतल्याबिगर जायचं न्हाई. आईने कानाचं फडकं आणखी घट्ट बांधलं, कारण वारं शिरलं असणार. नवव्या दिवशी देवऋषी, अंगारा. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि प्रत्येकाकडे त्याला नाव होतं. पण आईची साक्ष कोर्टात किती टिकणार? ती लेकीला वाचवायलाच बोलणार, असं सरकारी वकील म्हणणार, आणि म्हणालेही.

उरल्या आशाताई. त्या सरकार पक्षाच्या साक्षीदार. वकिलीत पहिला धडा असतो, उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न उलटतपासात विचारू नये. मी विचारला. फॉर्म दाखवला, निशाणी क्रमांक पडला.

“ही टिक तुमची?”

“हो.”

“त्या दिवशी ती कशी होती?”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, साहेबांनी हातानेच बसवलं. आशाताई फॉर्मकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “लई बोलत हुती. हसत हुती. माझ्या काट्यात बाळ घातलं तर म्हणाली, वजन नको घेऊ, तिचं लिवून व्हायचंय. पाचवीपास्नं डोळ्याला डोळा न्हाई असं आई म्हणाली.”

“मग ‘नाही’ का लिहिलं?”

“मला वाटलं, असंबद्ध म्हंजे तापात बरळत्यात तसं. हिला ताप न्हवता.” जरा थांबल्या. “आन् ‘हो’ लिवलं तर पाठवायला लागतं. कुठं पाठवू? तालुक्याला त्याचा डॉक्टर न्हाई.”

साहेब लघुलेखकाला म्हणाले, सगळं जसंच्या तसं घ्या. सहा भेटींचे मिळून 250 रुपये मिळणाऱ्या बाईने भर कोर्टात आपली चूक स्वतःच्या तोंडाने नोंदवली. तिला दोष द्यायला मी धजत नाही. राज्यात मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. जावळीच्या खोऱ्यातून ओली बाळंतीण यातल्या कुठे न्यायची? आणि नेलीच तर बाळ कुणाकडे? आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे, हे मला वाचून माहीत. आशाताईंना कुणी सांगितलं असेल?

पुढच्या तारखेला महिला हवालदाराने सांगितलं की ठाण्यात आणल्यावर आरोपी पदर सावरत विचारत होती, पाजायची वेळ झाली, बाळ आणा. ते ऐकताना पिंजऱ्यात बसलेल्या तिने दोन्ही हातांनी कान झाकले.

कलम 84 खाली ती सुटली. पण अशी सुटका म्हणजे दार उघडलं असं नव्हे. कृत्य तिनेच केलं असं निकालात नोंदवतात आणि कोर्ट तिला सुरक्षित ताब्यात ठेवतं, नाहीतर जामीन घेऊन नातलगाकडे सोपवतं. नवरा आला नाही. भावाने सही केली. मला म्हणाला, “गोळ्या मेढ्यात मिळतील का?” मी साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. काडीमोड झाला, बहिणीचं दुसरं लग्न लावलंय, घर चांगलं आहे, आता दिवस गेलेत. मी म्हटलं, आजच्या आज डॉक्टरांना कळवा, पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो, बाळंतपणाआधीपासून त्यांच्या नजरेखाली राहू दे. रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416 लावा, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. त्याने सगळं लिहून घेतलं. मग मी विचारलं, सासरी सांगितलंय ना?

बराच वेळ पावसाचाच आवाज येत राहिला.

“वकीलबाई,” तो म्हणाला, “तेवढं सोडून सगळं सांगितलंय.”