तीनदा परत आलेला असेंट फॉर्म

लेकीला दमा आहे. ती अकरा वर्षांची असताना डॉक्टरांनी विचारलं, मुलं रोजचा प्रिव्हेंटर इन्हेलर खरंच घेतात का यावर एक अभ्यास चाललाय, येता का. इन्हेलरला एक छोटंसं मशीन लावतात, ते प्रत्येक पफ तारीख-वेळेसकट नोंदवतं, अर्ध्या मुलांच्या मशीनला आठवण करून देणारी बीप असते आणि अर्ध्यांची बीप बंद. मी लगेच हो म्हटलं, कारण रोज सकाळी "घेतलास का?" "घेतलाय गं!" हे नाटक आमच्याकडे वर्षभर चालू होतं.

तपासणी, जुने रिपोर्ट, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसं किती चालतात ते मोजतात) सगळं एका दिवसात उरकलं. अडकलो ते दोन पानी असेंट फॉर्मवर. सात आठवडे!

असेंट म्हणजे मुलाची स्वतःची संमती. पालकांची संमती वेगळ्या कागदावर असते, पण मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्यालाही समजावून विचारायचं आणि त्याचं हो-नाही वेगळं घ्यायचं. हे मला आता पाठ झालंय. तेव्हा मी सरळ पेन घेतलं, तिचं नाव लिहिलं, "मला माहिती समजली आहे" पुढे टिक केली आणि म्हटलं, इथे सही कर. तिने केली, मोबाईलमधून मान वर न काढता. चार दिवसांनी फॉर्म परत. अक्षर आईचं आणि सही मुलीची, चालणार नाही. मी फोनवर वाद घातला, अहो मुलीचा फॉर्म आईने भरला तर बिघडलं कुठे? पलीकडून शांतपणे एवढंच, "मॅडम, तो फॉर्म तिचा आहे." असला राग आला होता मला.

दुसऱ्यांदा तिने स्वतः भरला. आठ दिवसांनी फोन, व्हर्जन जुनं आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात व्हर्जन २ आणि तारीख होती, दरम्यान एथिक्स कमिटीने (अभ्यासाचे कागद मंजूर करणारी समिती) व्हर्जन ३ मंजूर केलेलं. बदल काय, तर मशीन हरवलं तर कुणाला कळवायचं ही एक ओळ. एका ओळीसाठी पुन्हा खेप, पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा, आणि जुना कागद आम्हाला दिला होता त्यांनीच! त्यामुळे सही करायच्या आधी तळाचा व्हर्जन नंबर बघा आणि तोंडावर विचारा, हाच चालू आहे ना. खाडाखोड झाली तर गिरवू नका, एक रेघ मारून बाजूला छोटी सही आणि तारीख. आमचा एक कागद त्यापायीही परत आला असता, अभ्यासाचे कागद बघणाऱ्या कोऑर्डिनेटरताईंनी वेळेवर बघितलं म्हणून वाचला.

मग तिसरा फॉर्म दिला आणि ताई रजेवर. दोन आठवडे कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून, आणि तेवढ्यात आमची बाई बारा वर्षांची झाली. बारापासून असेंट वेगळा! लहानांच्या फॉर्ममध्ये चित्रं होती, मोठ्यांच्यात परिच्छेदच्या परिच्छेद. वाढदिवस जवळ असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, मी नाही सांगितलं, मला काय माहीत.

बरं, नुसता असेंट नाही, दम्याची प्रश्नावलीही बदलली. ४ ते ११ वर्षांच्या मुलांची ७ प्रश्नांची असते, त्यातले ४ मुलाला आणि ३ पालकांना. १२ पासून ५ प्रश्न, पाचही मुलालाच. म्हणजे मला विचारणारं कुणी उरलंच नाही. दोन्हीत बेरीज १९ किंवा त्याखाली आली की दमा नीट आटोक्यात नाही असं धरतात. जुनी भरताना "गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे मूल रात्री किती दिवस जागं झालं" याला मी ठासून "एकही दिवस नाही" लिहिलेलं, आणि तिनेही माझ्याकडे बघत "जाग येत नाही" वरच खूण केली होती. नवीन तिने एकटीने भरली. बेरीज १७. रात्री जाग, आठवड्यातून दोन-तीनदा. मी पलीकडच्या खोलीत झोपते, मला पत्ताच नाही. तर मूल फॉर्म भरताना शेजारी बसू नका, खरंच बाहेर जा.

असेंटच्या वेळीही ताईंनी मला बाहेर बसवलं. मी दोन मिनिटांत उरकलेल्या कागदाला आत पंचवीस मिनिटं लागली. नंतर कळलं, हिने विचारलं होतं की मधेच सोडलं तर डॉक्टर चिडतील का (नाही, आणि उपचार आहेत तसेच चालू राहतात), आणि बीपवाला गट मागून मिळतो का (नाही, कॉम्प्युटर ठरवतो). पहिला प्रश्न मला सुचला नव्हता. दुसरा सुचला होता, कारण न्यूझीलंडमधल्या अशाच अभ्यासाचं मी वाचलं होतं, २०१५ साली आलेला, ६ ते १५ वर्षांची २२० मुलं. बीपवाल्या मुलांनी ८४ टक्के डोस घेतले आणि बिनबीपवाल्यांनी ३०. ते मधले आकडे आहेत, निम्मी मुलं त्याच्या वर, निम्मी खाली, पण म्हणजे बीप नसली की दहातले सात डोस घेतलेच जात नाहीत आणि घरी आई "घेतलाय गं" ऐकतेय.

हो, एक राहिलंच, स्पायरोमेट्रीच्या आधी सहा तास रिलिव्हर (त्रास झाला की घ्यायचा इन्हेलर) घ्यायचा नाही असं आम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला किती तास ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि त्रास झालाच तर बिनधास्त घेऊ द्या, तपासणी पुढे ढकलता येते. माहितीपत्रकाची एक प्रत घरी ठेवा, फोन नंबर त्यावरच असतो.

आमच्या वाट्याला बिनबीपचा गट आला. सात आठवड्यांनंतर! पहिल्या महिन्याचा तक्ता बघायला मागितला तर ताई म्हणाल्या, दाखवता येणार नाही, नवीन असेंटमध्ये तसा एक चौकोन आहे, "माझी नोंद पालकांना दाखवू नये", आणि तिने त्यावर टिक केलीय.