तीन लाखांच्या वरचं

2024 मध्ये अण्णा दोनदा दवाखान्यात राहिले. जूनमध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, बिल 1,35,000. डिसेंबरात मध्यरात्री छातीत दुखायला लागलं म्हणून कराडला नेलं, अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (बारीक जाळीची नळी) बसवावा लागला, बिल 2,40,000. अण्णा आणि आईची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम, तीन लाखांची, एप्रिल ते मार्च. म्हणजे दोन्ही बिलं एकाच वर्षात आली आणि वरचे 75,000 मी आणि भावाने भरले. पैसे भरल्याचं दुःख नाही. पण त्यानंतर मार्चअखेरपर्यंत आईच्या नावावर एक रुपयाचाही विमा उरला नव्हता, हे मला जानेवारीत कळलं. तिला साधा न्यूमोनिया झाला असता तरी सगळं खिशातून. ते तीन महिने मी तिच्या प्रत्येक खोकल्याकडे लक्ष ठेवून होते.

तेव्हाच ठरवलं की जोडीला आणखी काहीतरी घ्यायचं. अँजिओप्लास्टीला सहा महिने होऊ द्या, असं एजंट म्हणाले, म्हणून थांबलो. मग 2025 च्या सप्टेंबरात आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आणि आम्ही मनावर घेतलं.

एजंटांनी चार पत्रकं आणली. दवाखान्यात राहिल्यावर दिवसाला हजार रुपये देणारी पॉलिसी लगेच बाजूला ठेवली. अँजिओप्लास्टीला अण्णा तीन दिवस होते, म्हणजे तीन हजार मिळाले असते. गंभीर आजार निघाला की एकरकमी पैसे देणारी दुसरी होती, पण तिच्या आजारांच्या यादीत अँजिओप्लास्टीच नव्हती आणि अण्णांचं वयही बसत नव्हतं. राहिले दोन, मूळ पॉलिसीच्या वरचा खर्च देणारे, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. दोन्हींत दहा लाखांचं संरक्षण, दोन्हींत डिडक्टिबल तीन लाख, म्हणजे पहिल्या तीन लाखांची जबाबदारी त्यांची नाही. टॉप-अप बरंच स्वस्त होतं. एजंटांचा कलही तिकडेच.

मी कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि 2024 ची बिलं मांडली. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतं. 1,35,000 तीन लाखांच्या आत, 2,40,000 पण आत. मिळाले असते शून्य. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज बघतं. 3,75,000 मधून तीन लाख वजा, बाकीचे 75,000 त्यांनी दिले असते. म्हाताऱ्या माणसांचं आजारपण बहुतेक असंच असतं, एकच डोंगराएवढं बिल येईल असं नाही, मधली दोन-तीन बिलं येतात. सुपर टॉप-अपच घ्यायचं, हे त्या पानावर ठरलं.

मग एजंट म्हणाले, दोघांचं वेगवेगळं घ्या, फ्लोटरमध्ये मोठ्याच्या वयावर हप्ता लागतो. 71 च्या अण्णांमुळे 66 च्या आईला भुर्दंड कशाला? ऐकायला बरोबर वाटलं. रात्री झोपच येईना, कुठंतरी खटकत होतं. मूळ पॉलिसी सामाईक आहे. अण्णांनी तिचे तीन लाख संपवले, तर आईच्या वेगळ्या सुपर टॉप-अपचं दार तिच्या एकटीच्या खर्चाने तीन लाख ओलांडेपर्यंत उघडणारच नाही. आणि ते तीन लाख आणायचे कुठून? 2024 ची तीच फट. म्हणून जास्त हप्ता देऊन सुपर टॉप-अपही फ्लोटरच घेतलं, दोघांच्या खर्चाची बेरीज धरणारं. तुमच्या घरी मूळ पॉलिसी सामाईक असेल तर एवढं एक नक्की तपासा.

पहिल्या कंपनीने अण्णांचे रिपोर्ट बघून नकार दिला. 2024 च्या एप्रिलपासून 65 वर्षांची वयाची अट काढली गेली आहे, पण आजारपण बघून नाही म्हणायला कंपनी मोकळी आहे. दुसऱ्या कंपनीने तपासण्या केल्या, हप्ता वाढवला, आणि आधीच्या आजारांना तीन वर्षं थांबा म्हणाली. यापेक्षा जास्त थांबवता येत नाही, नियमच आहे.

फॉर्म भरताना अण्णा शेजारी येऊन बसले.

"साखर कशाला लिहितीस? गोळीनं आटोक्यात हाय की."

"अण्णा, लिहायला लागतंय."

"हप्ता वाढवत्यात ती."

अण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावर 34 वर्षं होते. मी विचारलं, "काट्यावर कधी उसाचं वजन कमी लिहिलंत का?" ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून शुगरची जुनी फाईल आणली आणि 2011 चा पहिला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. क्लेमच्या वेळी लपवलेला आजार सापडला तर कंपनी हात वर करते, आणि तेव्हा आपण भांडण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून स्टेंटची तारीख, रक्तदाबाची गोळी, सगळं लिहिलं.

तीन वर्षं हृदयाचं काय, ही काळजी उरलीच होती. त्यासाठी अण्णांचं केंद्र सरकारच्या योजनेतलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. सत्तरी पार केलेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, आधार लागतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, आणि जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून. खासगी विमा असला तरी चालतं. ही योजना 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली, आमची अँजिओप्लास्टी डिसेंबरातली. माहीत असतं तर निदान चौकशी तरी केली असती. अण्णांचे नेहमीचे डॉक्टर ज्या दवाखान्यात बसतात तो योजनेच्या यादीत नाही, म्हणून नुसत्या कार्डावर मी थांबले नाही. यादीतले जवळचे दोन दवाखाने मात्र आधीच बघून ठेवले आहेत. आईला सत्तरीला चार वर्षं आहेत, तिला हे कार्ड अजून नाही. तिच्यासाठी फ्लोटरच आधार.

पॉलिसीचे कागद आले तेव्हा आधी आजारांचं पान उघडलं. मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, तिन्ही छापलेले होते. पटलं नाही तर परत करायला 30 दिवस मिळतात, त्यातले आठ मी नुसतं वाचण्यात घालवले. खोलीच्या भाड्याची मर्यादा मूळ पॉलिसीत दिवसाला 3,000 आहे, सुपर टॉप-अपमध्ये नाही. म्हणून आईला बजावलंय, दाखल करताना खोली विचारूनच घ्यायची. महागडी घेतली तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात.

दोन्ही पॉलिसी, कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स एका पिवळ्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लावल्यात. पिशवीवर अण्णांनी स्वतः मार्करने दोन्ही कंपन्यांचे फोन नंबर लिहिले, आईला चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे.