कात्रणवहीतली गिरणा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा मी घरातल्या पत्र्याच्या पेटीतून लाल कापडी पाठीची एक जाड वही बाहेर काढली. खळीमुळे तिची पाने कडक झाली आहेत आणि दोन-तीन ठिकाणी कसर लागली आहे. परंतु पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिलेले ‘कात्रणवही, इयत्ता आठवी’ हे शब्द अजूनही स्वच्छ वाचता येतात. भूगोल आणि गणित हे दोन्ही विषय शिकवणाऱ्या आमच्या या वर्गशिक्षकांनी वर्तमानपत्र वर्गात कसे आणले आणि त्यातून आम्हाला काय मिळाले, एवढेच मला येथे लिहायचे आहे.

१९९० च्या आसपासचा तो काळ. भडगाव तालुक्यातल्या, गिरणा नदीच्या काठावरच्या आपल्या गावात वर्तमानपत्र पाचोऱ्याहून पहिल्या एसटीने येत असे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात दिवसभर हाताळला गेलेला अंक दुसऱ्या दिवशी सर शाळेत घेऊन येत. आम्हाला मिळणारा अंक कायम एक दिवस शिळा असे, आणि सरांनी या उणिवेचाच उपयोग करून घेतला. अंकात छापलेला हवामानाचा अंदाज ज्या दिवसाचा असे, तो दिवस आम्ही आधीच पाहिलेला असे. त्यामुळे अंदाज खरा ठरला की नाही, हे प्रार्थनेनंतर लगेच सांगता येई, आणि त्याची नोंद फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात होई.

दिल्ली-मुंबईच्या बातम्यांचे पहिले पान सर फार वेळ घेत नसत. ते थेट आतले, जळगाव-धुळ्याच्या बातम्यांचे पान उघडत. पहिल्या पानावरची बातमी आपल्याला फक्त वाचता येते, पण आतल्या पानावरची बातमी सायकलवर बसून पाहूनही येता येते, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या पद्धतीचे मर्म या एका गोष्टीत होते. पाठ्यपुस्तकातला मजकूर आम्ही कधी तपासला नव्हता आणि तो तपासायचा असतो, हे कुणी सांगितलेही नव्हते. वर्तमानपत्रातले गाव मात्र आमच्या ओळखीचे होते.

बाजारभावाचा तक्ता हा गणिताचा तास. त्या काळी कापसाचा भाव बोलीने ठरत नसे, कारण १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे सगळा कापूस ठरलेल्या भावाने सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, सुरू होती. त्यामुळे तक्त्यात दादर (म्हणजे रब्बी ज्वारी), बाजरी, हरभरा, उडीद, मूग, भुईमुगाच्या शेंगा यांचीच गर्दी असे. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असे रकाने. एक दिवस मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की सर्वसाधारण भाव चुकीचा छापला आहे, कारण किमान आणि कमाल यांची बेरीज करून तिला दोनने भागले तर तो आकडा येत नाही. सरांनी मला खाली बसवले नाही. त्यांनी टेबलावर खडूंचे दहा तुकडे मांडले, त्यातला एक बाजूला काढला आणि विचारले, ‘नऊ पोती चांगल्या भावाने गेली आणि एकच भिजलेले पोते निम्म्या भावाने गेले, तर त्या दिवशी दादर कोणत्या भावाने विकली गेली, असे तुझे वडील घरी सांगतील?’ भारित सरासरी हा शब्द मी पुढे पदविकेच्या अभ्यासक्रमात ऐकला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो वेगळा ठेवलेला खडूचा तुकडा होता. घरी वडील रोज संध्याकाळी विचारत, ‘दादरना भाव काय शे रे भाऊ?’ आणि मी भाव सांगताना आवकही सांगू लागलो, याचे त्यांना फार कौतुक वाटे.

पावसाळ्यात धरणसाठ्याची चौकट हा सर्वांत रंगणारा विषय होता. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. त्याच्या पाण्यावर जगणारे शिवार मात्र मुख्यतः आपल्या जळगाव जिल्ह्यातले. म्हणून सर आमच्याकडून कळवण, सटाणा, मालेगाव या भागांतल्या पावसाच्या बातम्या शोधून घेत. आपल्या गावात आभाळ कोरडे असताना नदी गढूळ होऊन का वाहते, याचे उत्तर आम्हाला नकाशाआधी बातमीत सापडले. कुठे साठा दशलक्ष घनमीटरमध्ये (दलघमी), कुठे टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत, तर विसर्ग, म्हणजे सोडलेले पाणी, क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असे दिलेला असे. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा ५२३.५५ दलघमी, तो टीएमसीमध्ये किती, हे काढण्यासाठी २८.३२ ने भागायचे, की साडेअठराच्या जवळचे उत्तर येई. मग एका मुलीने विचारले की एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३२ लिटर, हाच आकडा येथेही कसा आला? सरांनी उत्तर दिले नाही. एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर, हे एकच माप दोन्हीकडे दडलेले आहे, हे आम्ही दोन दिवस डोके खाजवून स्वतः शोधले. धरणातून १००० क्युसेकने पाणी सोडत राहिले, तर एक टीएमसी पाणी वाहून जायला साडेअकरा दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो, हेही त्याच आठवड्यात आम्ही मांडून पाहिले. ‘धरणातून प्रचंड विसर्ग’ हा मथळा वाचल्यावर ‘प्रचंड म्हणजे किती?’ असे विचारायची सवय तेव्हा लागली.

भाषेच्या बाबतीतही सर तितकेच काटेकोर होते. ‘परिसरातून हळहळ व्यक्त होत आहे’, ‘एकच खळबळ उडाली’, ‘असे समजते’, ‘ग्रामस्थांतून मागणी होत आहे’ अशा वाक्यांखाली ते आम्हाला लाल पेन्सिलने रेघ ओढायला लावत आणि प्रत्येक रेघेपुढे लिहायला सांगत, ‘कोणी सांगितले?’ बातमीत नाव असेल तर नाव लिहायचे, नसेल तर जागा कोरी ठेवायची. माझ्या वहीत अशा कोऱ्या जागा पुष्कळ आहेत.

त्याच पावसाळ्यात गिरणेला मोठे पाणी आले आणि एका दैनिकात आमच्या गावाची बातमी छापून आली. गाव पाण्याखाली गेले असून चाळीस कुटुंबे बेघर झाली आहेत, असे तीत म्हटले होते. मुंबई-सुरतेला असलेल्या नातेवाइकांच्या तारा येऊ लागल्या आणि एका घरातली म्हातारी तार आलेली पाहूनच रडू लागली. सरांनी आम्हाला तीन गट करून नदीकाठच्या गल्लीत पाठवले. आम्ही मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या मोजल्या. गाळाची रेघ तिसऱ्या पायरीवर होती, त्यावरच्या पायऱ्या कोरड्या होत्या. आम्ही प्रत्येक दाराशी जाऊन विचारले. सामान हलवलेली कुटुंबे अकरा निघाली, आणि ती सगळी शाळेच्या खोल्यांत किंवा भाऊबंदांकडे सुखरूप होती. आम्ही संपादकांना पत्र लिहिले. पहिला मसुदा रागाचा होता; सरांनी त्यातली विशेषणे काढून टाकली आणि पायरी, गल्ली आणि अकरा हा आकडा एवढेच ठेवले. नऊ दिवसांनी पत्र छापून आले, तेही चार ओळींत. ते कात्रण वहीच्या मधल्या पानावर आहे आणि त्याभोवती आम्ही शाईने चौकट काढलेली आहे.

पुढे जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. ज्यांनी ती बातमी पाठवली होती, ते वार्ताहर स्वतःहून शाळेत आले. त्या रात्री पावसात नदीकाठापर्यंत जाता आले नाही, तिकडून आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून बातमी लिहिली आणि फोनवर ओरडून सांगितली, असे त्यांनी आठवीतल्या मुलांसमोर मोकळेपणाने कबूल केले. बातमीचा मजकूर कसा कापला जातो, मथळा गावात बसलेला माणूस देत नाही, दूरच्या गावांसाठीची आवृत्ती लवकर छापावी लागते म्हणून रात्री उशिरा घडलेली घटना तीत येत नाही, हे सारे त्यांनी समजावून सांगितले. आम्ही त्यांना चूक दाखवायला बसलो होतो. तास संपला तेव्हा आम्हाला त्यांच्या कामाची अडचण कळली होती. माणूस प्रामाणिक असूनही आकडा चुकू शकतो, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगली.

यानंतर सरांनी आम्हाला स्वतःचे भित्तिपत्रक काढायला लावले. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले होते, ही हकीकत त्यांनी सांगितली आणि ‘आपल्याला आठवड्याला एक तरी जमेल’ असे म्हणून कार्डशीटचे दोन तक्ते स्वतःच्या पैशांनी आणून दिले. त्यात हातपंपाची दुरुस्ती, बैलबाजार, एसटीची बदललेली वेळ अशा बातम्या असत. प्रत्येक बातमीखाली लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे अशी दोन नावे लिहायची, हा नियम कधीही मोडला गेला नाही.

आज मी पाटबंधाऱ्याच्या कामात आहे. पावसाळ्यात रोज सकाळी पाणीपातळी, साठा आणि विसर्गाचे आकडे गोळा करून तक्ता पुढे पाठवणे हा माझ्या जबाबदारीचा भाग आहे, आणि त्यातले काही आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या चौकटीत छापून येतात. प्रत्येक आकड्यापुढे तो किती वाजता मोजला आणि कोणी मोजला, हे मी आग्रहाने लिहून घेतो. नव्या सहकाऱ्यांना कधी हा आग्रह जाचक वाटतो. तेव्हा मी त्यांना देवळाच्या तिसऱ्या पायरीची गोष्ट सांगतो.

सर आज नाहीत. त्यांची ही वही मी महोत्सवाच्या दिवशी शाळेच्या स्वाधीन करणार आहे. आमच्या तुकडीने शाळेला दोन दैनिकांचे वर्षभराचे अंक पुरवण्याचे ठरवले आहे. मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे, की हे अंक कार्यालयात किंवा वाचनालयाच्या काठीला अडकवून न ठेवता आठवीच्या वर्गात द्यावेत, सोबत कात्री आणि लाल पेन्सिल द्यावी, आणि कापून चाळण झालेला पेपर पाहून कोणी मुलांना रागावू नये. वहीच्या शेवटी बावीस पाने कोरी आहेत.