बावखलाकाठची परीक्षा

१९७६ सालचा तो आठवडा मला वारांसकट आठवतो. सोमवारी, २६ एप्रिलला वार्षिक परीक्षा सुरू झाली. शनिवारी १ मेला निकाल होता आणि रविवारी २ मेला आमचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी. मी तिसरीत होते. ईस्टर होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते, घराघरात अजून सणाची गडबड रेंगाळत होती आणि वाडीत मात्र पाण्याची ओढ सुरू झाली होती.

आज शाळेत येणाऱ्या मुलांना नळ उघडला की पाणी दिसतं, म्हणून हे सांगायला हवं. आपल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात तेव्हा उन्हाळा म्हणजे पाण्याचा हिशेब. विहिरी तळाला जायच्या, चव मचूळ व्हायची. वाड्या तगायच्या त्या बावखलांवर. पावसाचं पाणी साठवून ठेवणारी ही तळी आपल्या वाडवडिलांनी वाडीवाडीतून खणून ठेवली होती. केळी, पानवेली, मोगरा, सगळ्यांची भिस्त त्यांच्यावर. शाळेचंही तसंच होतं. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरायची, आणि आम्ही पाळीपाळीने घरून तांब्या भरून आणायचो. अर्धा तांब्या वर्गातल्या माठात, अर्धा दाराजवळच्या बदामाच्या रोपाला. ते रोप आता केवढं झालंय ते तुम्ही सगळे बघताच. आपल्या शाळेच्या महोत्सवाचा मांडव त्याच्याच सावलीत पडला आहे.

सोमवारी मराठीचा पेपर चांगला गेला. घरी आले तर बाबा इंजिन उघडून बसलेले. तोंडाला, हातांना काळं तेल. दोन वर्षांपूर्वी रहाट काढून त्यांनी कर्ज करून ते डिझेलचं इंजिन बसवलं होतं, आणि ते ऐन एप्रिलच्या अखेरीला बंद पडलं. कुठलासा भाग मुंबईहून आणावा लागणार होता. केळींना चार दिवसांपलीकडे पाणी थांबलं की पानं मिटायला लागतात, आणि घड लागलेल्या झाडांचं तर वर्षाचं पीक हातचं जातं. रात्री जेवताना कोणी फार बोललं नाही. आजी तेवढं म्हणाली, "उद्यापासून सगळ्यांनी बावखलावर."

सगळ्यांत मी आलेच. मंगळवारी गणित, बुधवारी परिसर अभ्यास. दोन्ही दिवस मी शाळेत गेले नाही. बाबा कावडीने पाणी वाहत होते, आई आणि आजी घागरींनी, मी आणि माझा भाऊ बादल्यांनी. बावखलाच्या पायऱ्या उतरायच्या, बादली बुडवायची, पायऱ्या चढायच्या, आळ्यात ओतायची. तापलेली रेताड माती पाणी अशी पिऊन टाकायची की वळून पाहिलं तर आळं कोरडंच. दुपारपर्यंत हाताच्या तळव्यांना फोड आले. पण मला टोचत होती ती वेगळीच गोष्ट. शनिवारी फादरांपुढे पापनिवेदनाला, म्हणजे आपली पापं कबूल करायला, बसायचं होतं आणि परीक्षा बुडवणं हे पाप आहे की नाही, हे मला कोणाला विचारताच येत नव्हतं.

माझ्या बाकावरची मैत्रीण भंडारी समाजातली. धर्मशिक्षणाच्या तासाला ती आणि इतर हिंदू मुलं नीतिशिक्षणाला दुसऱ्या वर्गात जायची, बाकी दिवसभर आम्ही एकमेकींना चिकटलेल्या. तिनेच शाळेत सांगितलं असणार.

बुधवारी चारच्या सुमारास वाडीच्या बांधावरून काळी छत्री येताना दिसली. आपल्या मुख्याध्यापिका सिस्टर. चपला हातात घेतलेल्या, कारण वाटेवर पाटाचा चिखल होता. काखेत पुठ्ठा, त्यावर सुतळीने बांधलेले कागद. बाबा कावड खाली ठेवून घाईने पुढे झाले. "सिस्टर, पोरगी शाळेत आली नाही ते माझ्यामुळे. केळी जातील हो."

"भाऊ, मला कळलं," सिस्टर म्हणाल्या. "हिला पेपर द्यायचा आहे. पण तुमची ही ओळ आधी होऊ द्या. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. रहाटाचा दगडी चौथरा तेवढा बावखलाच्या काठाला उरला होता, त्यावर छत्री उघडी ठेवून बसल्या. आजीने तांब्याभर पाणी आणलं आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी. सिस्टरांनी एक खाल्लं, बाकीची माझ्या भावाच्या हातावर ठेवली. ओळ संपायला अर्धा तास लागला असेल. मग त्यांनी मला हातपाय धुऊन यायला सांगितलं. माझे तळवे उलटे करून पाहिले, काही बोलल्या नाहीत, पदराला हात पुसून पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पुठ्ठा मांडीवर ठेवला.

गणिताचा पेपर. मी लिहीत होते आणि घामाचे थेंब कागदावर पडत होते. तिसरं की चौथं उदाहरण असं होतं: एका बागेत २९ रांगा आहेत, प्रत्येक रांगेत ७ झाडं, तर एकूण झाडं किती? एकोणतीसचा पाढा मला कच्चा होता. मी उदाहरण पुटपुटत वाचत होते आणि बाबा अगदी जवळच्याच आळ्यात पाणी ओतत होते. त्यांचा हात थांबला. दुसरीपर्यंतच शिकलेले, पण झाडांचा हिशेब त्यांना झोपेतही यायचा. ते तोंड उघडणार एवढ्यात सिस्टरांनी तळहात वर केला. बाबा पाठ फिरवून निमूटपणे बावखलाच्या पायऱ्या उतरून गेले.

मी लिहिलं, १९३.

परिसर अभ्यासाचं तोंडीच घेतलं. पाणी साठवण्याचे मार्ग सांग, असा एक प्रश्न होता. मी बावखलाकडे बोट दाखवलं तर सिस्टर म्हणाल्या, "पूर्ण वाक्यात सांग." सूर्य अर्नाळ्याच्या बाजूला उतरला तेव्हा त्या उठल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या की घरच्यांना मदत केली म्हणून कोणाला पाप लागत नाही. मी तर त्यांना काही विचारलंच नव्हतं!

त्या काठावर मी पुढे खूप वेळा बसले. ऐंशीच्या दशकात टँकर वाड्यांतलं पाणी उपसून शहराकडे न्यायला लागले, विहिरी खारट झाल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आमच्या आळीतल्या बायका लाल लुगड्यांतच मोर्चाला गेल्या. माझी आई त्यांत होती. आज आजूबाजूची किती बावखलं भराव टाकून बुजली ते मोजायला बसले की जीव तुटतो. आमचं अजून आहे. शाळेच्या मागचंही आहे, आणि नव्या इमारतीच्या आराखड्यात ते राखलं जावं, अशी माझी शाळेच्या व्यवस्थापनाला मनापासून विनंती आहे. मुलांना तिथे नेऊन बसवा. पूर्ण वाक्यात बोलायला लावा.

गुरुवारी मी शाळेत गेले. परीक्षा संपल्यावर फळे काळे करायचा दिवस. जुन्या सेलमधला कोळसा कुटायचा, त्यात पाल्याचा रस घालायचा आणि चिंधीने फळ्यावर फिरवायचं. मला यंदा फक्त कुटायला दिलं, चिंधी पिळायचं काम दुसऱ्यांना. शुक्रवारी चर्चमध्ये सराव झाला. रांग कशी धरायची, हात कसे जोडायचे, पवित्र भाकर दातांना लागू द्यायची नाही. आशीर्वाद न दिलेल्या साध्या भाकरीचा एकेक तुकडा चव कळावी म्हणून दिला. हात जोडले की फोड दुखायचे. धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी खोबरेल तेल आणून दिलं आणि माझे हात हलकेच जोडून दाखवले, बोटांची टोकं तेवढी टेकलेली. रविवारी मी तशीच वेदीपाशी गेले. मावसबहिणीचा पांढरा फ्रॉक, आईने रात्री जागून लांबी कमी केलेला. मैत्रीण पहाटे मोगऱ्याची वेणी घेऊन आली होती आणि मिस्साभर, म्हणजे चर्चमधली उपासना संपेपर्यंत, मागच्या बाकावर तिच्या आईशेजारी बसून राहिली.

पण निकाल त्याच्या आदल्या दिवशीचा. १ मे, महाराष्ट्र दिन, आणि आमच्या चर्चमध्ये श्रमिक संत जोसेफचा सण. सकाळी मिस्सा, मग मैदानात झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तकं. गणितात मला शंभरपैकी ४१ होते. शेरा सिस्टरांच्या हातचा: "वर चढवले आहे. २९ चा पाढा पक्का करणे." मला वाटलं होतं की ज्या सिस्टर चिखलातून घरी आल्या त्या दोन-चार गुण जास्त देतील. दिले नाहीत. बाबांनी तो शेरा बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला, आणि प्रगतिपुस्तक देव्हाऱ्यात मरियामातेच्या मूर्तीमागे ठेवलं.

सोमवारी मुंबईहून भाग आला, इंजिन सुरू झालं. मे महिनाभर संध्याकाळी आळीतल्या क्रुसापाशी मरियामातेच्या माळेची प्रार्थना व्हायची. ती संपली की बाबा मला वाडीत घेऊन जायचे. ते पाट वळवायचे आणि मी प्रत्येक झाडापाशी पुढचा आकडा म्हणायची. चुकले तर आम्ही दोघंही पहिल्या झाडापाशी परत.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी पाऊस होता. सिस्टर व्हरांड्यात उभ्या होत्या, तीच काळी छत्री मिटून भिंतीला लावलेली. मला पाहून म्हणाल्या, "एकोणतीस साती?"

"दोनशे तीन."

"जा. चौथीचा वर्ग त्या टोकाला आहे."