आमची वाटचाल : तिसऱ्या पाइपाचा आग्रह

लालबागच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती माशांसाठी काचेच्या टाक्या बनवण्यापासून. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याचे दुकानदार मापे पाठवत आणि आम्ही काच कापून, सिलिकॉनने जोडून टाक्या पोहोचत्या करत असू. पुढे फ्लॅटमध्ये खाली संप, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी, असलेल्या मोठ्या टाक्या येऊ लागल्या. त्यांची जोडणी बहुधा इमारतीचा नेहमीचा प्लंबर करी आणि गळती नसली तरी दिवाणखान्यात रात्रभर गुरगुर चाले. तेव्हा ओव्हरफ्लोचे, म्हणजे वरच्या टाकीतले जादा पाणी पाइपांनी संपमध्ये उतरवण्याचे, कामही आम्ही आमच्याकडे घेतले.

शौकीन मंडळींत ‘बीनॲनिमल’ नावाने ओळखली जाणारी तीन पाइपांची रचना आम्ही स्वीकारली. पहिला पाइप गेट व्हॉल्व्हसह (चाक फिरवून हळूहळू बंद होणारी झडप) पूर्ण सायफनवर, म्हणजे आत हवा न राहता पाण्याने गच्च भरून चालतो, दुसऱ्यातून हवेसोबत पाण्याची बारीक धार उतरते आणि दुसऱ्यापेक्षा उंच ठेवलेला तिसरा पाइप एरवी कोरडाच असतो. गिऱ्हाईक पैसे वाचवायला बघते ते नेमके या तिसऱ्यावर, आणि तिथे आम्ही अजिबात ऐकत नाही. खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी ठिबकू लागल्यावर सोसायटीत काय होते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

खरे कौशल्य जुळवणीत आहे. पंप सुरू करताना गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, त्यामुळे पहिला पाइप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि जोरात घुरघुरतो. मग चाक थोडे थोडे बंद करत, प्रत्येक वेळी पातळी स्थिरावेपर्यंत थांबत, ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले पाणी दुसऱ्या पाइपात जेमतेम उतरू लागेल इतके वर आणायचे. इथे बॉल व्हॉल्व्ह कामाचा नाही, कारण त्याची मूठ केसभर हलली तरी प्रवाह एकदम बदलतो. सायफनच्या पाइपाचे खालचे तोंड संपच्या पाण्यात साधारण एक इंचच बुडलेले ठेवतो. त्याहून खोल गेले तर सुरुवातीला आतली हवा बाहेर पडायला अडते.

जुळवणी झाली की पहिला पाइप मुद्दाम बुजवून दुसरा भार घेतो का ते पाहतो, नंतर दोन्ही बुजवून तिसऱ्याची परीक्षा घेतो. त्या वेळी होणारा आवाज गिऱ्हाइकाला आवर्जून ऐकवतो, कारण पुढे तोच आवाज आला तर पहिले दोन्ही पाइप तुंबले आहेत हे त्याला कळले पाहिजे.

शेवटी पंपाची पिन काढतो. सहा फूट बाय दोन फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे 28 लिटर. पंप थांबल्यावर दोन इंच पाणी खाली आले तरी संपमध्ये 56 लिटरची जागा मोकळी हवी, शिवाय पाइपांतले पाणी वेगळे. संपमधले पाणी वर नेणाऱ्या रिटर्नच्या पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली एक भोक पाडतो, म्हणजे पातळी तिथवर उतरताच हवा शिरून उलटा सायफन तुटतो. पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या एनआरव्हीच्या (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) झडपेत शेवाळ किंवा क्षार अडकतात, म्हणून केवळ तिच्यावर आम्ही विसंबत नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिडमधील बिघाडाने मुंबईची वीज गेली, तेव्हा गिऱ्हाइकांचे फोन आले ते मासे हवेविना कसे तगतील या काळजीने. जमिनीवर पाणी आल्याची तक्रार एकाचीही नव्हती.

नव्या पाइपांत काही आठवड्यांत बुळबुळीत थर धरतो आणि बसवलेली पातळी सरकते. म्हणून पहिली फेरजुळवणी मूळ दरातच धरलेली असते.